सिंगापूरचं हॉकर सेंटर: रश्शात काय आहे ते आधी विचारा

मुला-मुलीकडे महिनाभर राहायला आलेल्या आई-बाबांचे सिंगापुरातले पहिले काही दिवस घरच्या पोळी-भाजीवर आणि लिटल इंडियातल्या थाळीवर निघतात. इमारतीखालचं हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखाली भरलेले खाण्याचे छोटे स्टॉल, ते लांबूनच बघतात. वास ओळखीचा नसतो, पाट्या वाचता येत नाहीत, काचेमागे अख्खी बदकं टांगलेली असतात. पण या शहरातलं रोजचं, परवडणारं जेवण तिथेच मिळतं. एक ताट भात किंवा नूडल्स साधारण चार ते सहा डॉलरना येतात, कॉफी दीड डॉलरच्या आसपास. (एक सिंगापूर डॉलर म्हणजे ढोबळमानानं सत्तर रुपये धरा.) रेस्टॉरंटमध्ये मेनूवरच्या किमतीवर बहुधा 10 टक्के सेवाशुल्क आणि 9 टक्के जीएसटी चढतो. इथे पाटीवर जो आकडा आहे तेवढेच पैसे द्यायचे. टिप देण्याची पद्धत नाही.

1971 ते 1986 या काळात सरकारनं रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना उचलून नळ, गटार आणि वीज असलेल्या छपराखाली आणलं, तीच ही सेंटरं. आज ती शंभराहून जास्त आहेत. डिसेंबर 2020 मध्ये युनेस्कोनं इथल्या हॉकर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत जागा दिली. इमारतींच्या तळमजल्यावर खासगी मालकीचे छोटे अड्डे असतात, त्यांना कोपीतियाम म्हणतात. मॉलमधलं एसी फूड कोर्ट हा तिसरा प्रकार. तिथे तोच पदार्थ एक-दोन डॉलरनी महाग मिळतो आणि चवीला बहुतेकदा उणाच असतो.

आधी जागा धरायची, मग रांगेत लागायचं. जागा धरण्याला इथे ‘चोप’ करणं म्हणतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तसं इथे टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट ठेवतात. पाकीट, छत्री किंवा ऑफिसचं ओळखपत्र दिसलं, तर ते कुणी विसरलंय असं समजून तिथे बसू नका. पाकीट स्वतःजवळही हवंच, कारण स्टॉलवर कागदी रुमाल फुकट मिळत नाहीत. दुपारी बारा ते दीड ऑफिसांची गर्दी असते. साडेअकराला पोचलात तर निवांत जेवता येतं.

रांगेत पुढे सरकण्याआधी काय हवं ते ठरवून ठेवा. दुकानदार उद्धट नसतो, पण मागे दहा माणसं उभी असतात. प्रश्न ठरलेले असतात: सुकं की सूप, मिरची हवी का, इथे खाणार की बांधून. बांधून न्यायचं असेल तर चिनी स्टॉलवर ‘दाबाओ’, मलय स्टॉलवर ‘बुंगकुस’. डब्याचे वीस-तीस सेंट बहुधा वेगळे लागतात. वयानं मोठ्या दुकानदाराला ‘अंकल’, बाईंना ‘आंटी’ म्हणायचं. आपल्याकडच्या काका-मावशीइतकंच ते सहज आहे. पैशांसाठी दोन, पाच आणि दहा डॉलरच्या नोटा बाळगा. क्यूआर कोड सगळीकडे चिकटवलेले दिसतात, पण ते मुख्यतः स्थानिक बँकखात्यांसाठी आहेत. पाहुण्यानं रोख रकमेवरच भिस्त ठेवलेली बरी.

आता शाकाहाराचं. इथे चूक होते ती पदार्थ बघून ठरवल्यामुळे. ताटात फक्त भाज्या दिसतात, पण मांस किंवा मासळी असते रश्शात, चटणीत आणि फोडणीत. ‘बेलाचान’ म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची वडी. आपण सुकट वापरतो तशी ती वापरतात, पण वाटणात पूर्ण मिसळून, त्यामुळे डोळ्यांना काहीच दिसत नाही. सांबल या लाल चटणीत ती जवळजवळ नेहमी असते. सांबल कांगकोंग ही पालेभाजी म्हणून शाकाहारी समजू नका. सायुर लोदे ही नारळाच्या दुधातली भाजी आपल्या डोळ्यांना ओल्या नारळाच्या रस्साभाजीसारखी दिसते, पण वाटणात बहुधा सुकी कोळंबी असते. लाक्सा या नारळाच्या रश्शातल्या नूडल्समध्येही तेच. चिनी परतलेल्या पालेभाजीवर ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, पडतो. ‘चाय ताऊ क्वे’ला इंग्रजीत गाजराचा केक म्हणतात, प्रत्यक्षात तो मुळा आणि तांदळाच्या पिठाच्या वडीचे तुकडे अंड्यासोबत परतून केलेला तिखट-खारट पदार्थ आहे. चार क्वे त्याव या रुंद नूडल्स पारंपरिक पद्धतीनं डुकराच्या चरबीत परततात. चिनी रोजाक म्हणजे फळं आणि काकडीची चाटच, पण त्यावरचा काळा चकचकीत सॉस कोळंबीचा असतो.

सगळ्यात जास्त फसवणारे पदार्थ दोन. पहिला चिकन राइस. ‘चिकन नको, नुसता भात द्या’ म्हणून काम भागत नाही, कारण तो भातच कोंबडीच्या चरबीवर परतून तिच्याच पाण्यात शिजवतात. त्याचा सुंदर वास त्यातूनच येतो. दुसरा योंग ताउ फू. वाडगा आणि चिमटा घेऊन टोफू, भेंडी, वांगी, मिरची आपणच निवडायची, त्यामुळे विश्वास बसतो. पण भेंडी आणि मिरचीच्या पोटात माशाचा लगदा भरलेला असतो आणि सूप बहुधा बारीक सुक्या मासळीचं असतं.

‘नो मीट’ म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि कोळंबी घालतो. त्याच्या दृष्टीनं तो बरोबरच असतो. म्हणून नावं घेऊन सांगा: नो मीट, नो फिश, नो प्रॉन, नो एग, नो ऑयस्टर सॉस. तरीही कढई आणि पळी तीच राहते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी प्रश्न विचारत बसण्यापेक्षा पूर्ण शाकाहारी स्टॉल शोधावा. बऱ्याच मोठ्या सेंटरांत असा एखादा तरी असतो. पाटीवरचं ‘सू’ हे चिनी अक्षर ओळखायला शिका: वर तीन आडव्या रेघा आणि त्यांना छेदणारी एक उभी, खाली दोऱ्याच्या गुंत्यासारखी आकृती. ते फोनमध्ये साठवून ठेवलं की पाटीशी ताडून बघता येतं आणि दुकानदाराला दाखवताही येतं.

हे स्टॉल बौद्ध परंपरेतले असतात, त्यामुळे तिथे कांदा-लसूणही सहसा नसतो. चातुर्मास पाळणाऱ्यांची यामुळे मोठी सोय होते, आणि ही गोष्ट आपल्या लोकांना फारशी माहीत नाही याची हळहळ वाटते. अंडं मात्र विचारून घ्या. काउंटरवर लालसर काप, ‘बदक’, ‘मासा’ दिसला तरी दचकू नका. ते गव्हातलं ग्लूटेन, सोयाबीन आणि टोफूची साय यांपासून बनवलेलं असतं. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, अनेक स्थानिक लोक शाकाहार पाळतात. त्या दिवशी या स्टॉलसमोर रांग लांबते आणि माल लवकर संपतो.

वीस-पंचवीस भाज्यांचे ट्रे मांडलेला स्टॉल दिसला तर तो ‘चाय फान’, त्यालाच ‘चाय पंग’ही म्हणतात. भात घ्यायचा आणि बोटानं दाखवत जायचं. दोन भाज्या आणि एक मांसाहारी पदार्थ साधारण चार-पाच डॉलरना पडतो. मासा किंवा मोठी कोळंबी दाखवली की बिल उडी मारतं, आणि भाव तिथे लिहिलेला नसतो. बोट दाखवण्याआधी विचारा, वाढल्यावर विचारून उपयोग नाही. भातावर रस्सा ओततात तो मांसाचा असतो. नको असेल तर ‘नो ग्रेव्ही’ हे भात वाढतानाच सांगायला हवं.

मांसाहारी मंडळींचं काम सोपं, पण गोमांस टाळणाऱ्यांनी मलय शब्द पाठ करावेत. ‘आयाम’ कोंबडी, ‘काम्बिंग’ बोकड किंवा मेंढी, ‘इकान’ मासा, ‘उदांग’ कोळंबी, ‘तेलूर’ अंडं, ‘सायुर’ भाजी. ‘दागिंग’चा शब्दशः अर्थ नुसता मांस, पण इथल्या मलय स्टॉलवर दागिंग म्हटलं की बहुतेकदा गोमांसच. रेंडांग म्हणजे नारळाच्या दुधात आटवलेलं मांस; ते काळपट, सुकं, मटण सुक्क्यासारखं दिसतं, तिथे हमखास गोंधळ होतो. साते, म्हणजे काडीला टोचून भाजलेले मांसाचे तुकडे, घेतानाही काडी कशाची ते आधी सांगा, आणि बऱ्याच ठिकाणी कमीत कमी दहा काड्या घ्याव्या लागतात हे लक्षात ठेवा. हैनानी चिकन राइसमधली वाफवलेली कोंबडी मंद पाण्यात शिजवून थंड पाण्यात बुडवतात. त्यामुळे कातडी जेलीसारखी होते आणि हाडाजवळ गुलाबी छटा राहते. ती कच्ची नसते, पण आवडत नसेल तर ‘रोस्टेड’ मागा. खेकडा आणि भाजलेला पाकट मासा वजनावर किंवा आकारावर विकतात. एकूण किती होतील ते आकड्यात ऐकल्याशिवाय हो म्हणू नका.

भारतीय मुस्लिम स्टॉलवरचा ‘प्राता’ म्हणजे दक्षिणेतला परोटा. साधा हवा तर ‘कोसोंग’, म्हणजे रिकामा. सोबत माशाची किंवा मटणाची करी न विचारता येते, म्हणून ‘धाल’ मागा आणि त्यात मटणाची हाडं तर नाहीत ना, हेही विचारा.

पेयांचा स्टॉल वेगळा असतो आणि त्याची भाषाही वेगळी. नुसतं ‘कोपी’ म्हटलं की कंडेन्स्ड दूध घातलेली गोड, दाट कॉफी येते. ‘कोपी ओ’ म्हणजे काळी, साखर घातलेली. ‘कोपी सी’ म्हणजे आटवलेलं बिनगोडीचं दूध आणि साखर. पुढे ‘सिऊ दाय’ जोडलं की गोड कमी, ‘कोसोंग’ जोडलं की साखर नाही, ‘गाओ’ म्हणजे कडक, ‘पो’ म्हणजे पातळ, ‘पेंग’ म्हणजे बर्फ घालून. मधुमेह असेल तर ‘कोपी सी कोसोंग’ किंवा ‘कोपी ओ कोसोंग’ एवढंच लक्षात ठेवा. चहाला ‘ते’ म्हणायचं, बाकी व्याकरण तेच. आल्याचा चहा हवा असेल तर भारतीय मुस्लिम स्टॉलवर ‘ते हालिया’ मागा, आपल्या चहाच्या सगळ्यात जवळ जाणारा तोच. पाणी फुकट ठेवलेलं नसतं. नळाचं पाणी इथे निर्धास्त पिता येतं, घरून बाटली भरून आणा.

गोडात चेंडोल (नारळाचं दूध, गूळ आणि बर्फातल्या हिरव्या शेवया) आणि गरम ताउ हुए (सोयाच्या दुधाचा मऊ, गोड खरवसासारखा पदार्थ) शाकाहाऱ्यांना सहसा चालतात. पण मिळाला तर पुतु पिरिंग सोडू नका. तांदळाच्या पिठीत माडाचा गूळ भरून वाफवतात आणि वर खवलेला नारळ देतात. उकडीच्या मोदकाची चव ओळखणाऱ्याला वेगळं सांगायची गरज नाही. गरम असतानाच खा, गार झाला की पिठी कोरडी पडते.

जेवण झाल्यावर ट्रे, भांडी आणि वापरलेले कागदी रुमाल उचलून रॅकवर नेणं 1 सप्टेंबर 2021 पासून सक्तीचं आहे. पहिल्यांदा लेखी ताकीद, पुन्हा तीच चूक झाली तर 300 डॉलर दंड. रॅक दोन असतात, हलाल आणि बिगर-हलाल. पाटी वाचूनच ठेवा. डुकराचं मांस वाढलेलं ताट हलाल रॅकवर गेलं, तर मुस्लिम दुकानदाराची भांडी वापरायची पंचाईत होते.

सोमवारी बरेच स्टॉल बंद असतात, आणि वर्षातून काही वेळा अख्खं सेंटर सफाईसाठी बंद ठेवतात. ऑफिसांच्या भागातली सेंटरं, उदाहरणार्थ अमॉय स्ट्रीट, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी जवळजवळ ओस असतात. पहिल्या खेपेला कामाच्या दिवशी सकाळी आठच्या आत घराजवळच्या सेंटरात जा, ‘सू’ची पाटी शोधा, शाकाहारी बी हून मागा. कोबी आणि टोफूच्या कुरकुरीत सायीसोबत तांदळाच्या शेवया येतील. सोबत कोपी सी सिऊ दाय घ्या. दुपारपर्यंत थांबू नका, बी हून बहुतेक ठिकाणी त्याआधीच संपतं.