चकचकीत सेंट

“मस्त साफ करून ठेवलाय!” विकणारा कौतुकानं म्हणाला. समोर १७९८ चा अमेरिकी सेंट, तांब्याचं मोठं नाणं, गुलाबी चकाकत. जीव हळहळला.

टांकसाळीतला मूळ लाल रंग उरलाच तर अक्षरांच्या आडोशाला उरतो. इथे नाण्यावरच्या लिबर्टीचे, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेचे, झिजलेले केसही लाल! झिजलेलं तांबं लाल राहत नाही. म्हणजे आम्ल किंवा पॉलिश.

काळानं तांब्यावर चढलेला तपकिरी थर गेला की उघडं तांबं पुन्हा काळवंडतं, तेही डागाडागांनी. गेलेला थर परत आणता येत नाही.

तेलकट मळ काढायचाच तर नाणं शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवावं, खिडकी उघडी, जवळपास ज्योत नको. घासायचं नाही. मग पूर्ण कोरडं करून कडेनंच धरायचं.

जुनं तांबं चमकायलाच हवं, हे कुणी ठरवलं?