उलट वार करता येतो का? एका नियमाचा अर्थ लावताना

'बॅटललोर' हा कल्पनारम्य युद्धाचा पटखेळ 2006 साली 'डेज ऑफ वंडर'ने प्रसिद्ध केला. रिचर्ड बोर्ग यांच्या 'कमांड्स अँड कलर्स' या पद्धतीवर तो बेतलेला आहे. आमच्या गटासाठी त्याचे नियम मराठीत टिपून ठेवण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले होते आणि पुढे झालेला घोळ बराचसा त्या टिपणामुळेच झाला.

यातले दोन नियम आधी सांगायला हवेत. ज्या तुकडीला लागून आपल्याच दोन तुकड्या उभ्या असतात, तिला पाठबळ मिळते आणि ती धीट होते. धीट तुकडी फाशावर आलेले एक निशाण, म्हणजे माघारीचा एक हुकूम, धुडकावू शकते आणि हातघाईच्या लढाईत टिकून राहिली तर उलट वारही करू शकते. दुसरा नियम असा की, माघारीची वाट बंद असेल तर जितकी घरे मागे जाता आले नाही तितके सैनिक त्या तुकडीतून कमी होतात.

त्या डावात माझ्या निळ्या पायदळाच्या तुकडीतील चारपैकी तीन सैनिक उरले होते. तिच्या मागच्या दोन्ही घरांत माझ्याच तुकड्या होत्या, त्यामुळे ती धीट होती. मित्राच्या लाल घोडदळाने हल्ला करून चार फासे टाकले, तेव्हा एक निळे शिरस्त्राण, दोन निशाणे आणि एक मायाशक्तीचे चिन्ह आले. शिरस्त्राणाने एक सैनिक गेला. एक निशाण मी धुडकावले. दुसऱ्यासाठी मागे सरकणे भाग होते, पण मागची दोन्ही घरे अडलेली होती, म्हणून आणखी एक सैनिक गेला. ज्यांच्या बळावर तुकडी धीट झाली होती, त्यांनीच तिची वाट अडवली होती, ही गंमत त्या क्षणी मला मुळीच गंमत वाटली नाही. उरलेल्या एकट्या सैनिकाने उलट वार करायचा म्हणून मी तीन फासे उचलले, कारण या खेळात फाशांची संख्या तुकडीच्या रंगावर ठरते, उरलेल्या सैनिकांवर नाही. मित्राने माझा हात अडवला.

माझ्या टिपणात 'माघार न घेतल्यास उलट वार करता येतो' असे वाक्य होते. मित्राचे म्हणणे असे की, माघारीचा हुकूम लागू झाला आणि तो सैनिकाच्या रूपाने फेडला गेला, म्हणजे माघार घेतल्यासारखेच झाले. माझे म्हणणे असे की, तुकडी तसूभरही हललेली नव्हती. अर्धा तास वाद घालूनही कोणी हटेना, तेव्हा तेवढ्यापुरता निकाल एका फाशावर सोडला. तो माझ्या विरुद्ध गेला आणि पुढे डावही.

नंतर मी हा प्रश्न शांतपणे पुन्हा हाताळला. लढाईचा क्रम आधी घाव, मग माघार आणि शेवटी उलट वार असा आहे, म्हणजे उलट वाराच्या पायरीला पटाकडे पाहूनच निर्णय घ्यायचा असतो. माझा पहिला तर्क असा होता की, मागे सरकलेली तुकडी शत्रूपासून दूर जाते म्हणून तिला उलट वार नाही. जी दूर गेली नाही, तिला तो मिळायला हवा. मित्राने हा तर्क एका सोंगटीने मोडला. शत्रू शेजारच्या घरात बाजूला असेल, तर तिरके मागे सरकूनही तुकडी त्याला लागूनच राहू शकते, आणि तरीही तिने उलट वार करावा असे आमच्यापैकी कोणालाच वाटत नव्हते. म्हणजे कसोटी जवळ असण्याची नसून आपले घर सोडले की नाही ही होती. ही कसोटी मला माझ्या पहिल्या तर्कापेक्षा अधिक स्वच्छ वाटते, आणि ती मला सुचली नव्हती हेही मान्य करायला हवे.

टिपणातील वाक्य मी बदलले: 'हल्ल्यानंतर धीट तुकडी आपल्या मूळ घरातच उभी असेल, तर उलट वार करता येतो, वाट अडल्यामुळे सैनिक गमावले असले तरीही.' पाठबळ कधी मोजायचे हा प्रश्नही त्याच बैठकीत निघाला, पण तो फार ताणला गेला नाही. आधीच्या हल्ल्यात शेजारची तुकडी हटली असेल, तर पुढच्या हल्ल्याच्या वेळी जे पटावर आहे तेच धरायचे, असे ठरले.

बदललेल्या वाक्याचा पहिला फायदा मित्रालाच झाला. पुढच्या डावात घोडदळ माझे होते आणि कोंडीत सापडलेला शेवटचा सैनिक त्याचा. त्याने तीन फासे उचलले, टिपणाचा कागद माझ्याकडे सरकवला आणि मी ते वाक्य मोठ्याने वाचेपर्यंत फासे हातातच धरून ठेवले.