अंतर की आंतर?

म्हापशात भाचीच्या लग्नात चार दिवस गेले. त्याबद्दल एवढंच लिहितो की सोलकढी फक्कड होती आणि डीजे नको होता. पाचव्या दिवशी भाच्याची स्कूटर घेतली आणि अस्नोडा, लाटंबार्सेमार्गे दोडामार्ग गाठलं. हद्द ओलांडून महाराष्ट्रात कधी आलो ते कळलंच नाही. पेट्रोल मात्र गोव्यातच भरून घ्यायला हवं होतं. इथले लोक टाकी भरायला पलीकडे जातात, आणि मी शहाणा उलटा आलो.

तिलारी धरणाच्या अलीकडे एका टपरीवर घावणे खायला थांबलो. समोर कुणीतरी हाताने रंगवलेली पाटी होती, ‘तिलारी अंतरराज्य प्रकल्प’. मुद्रितं तपासण्यात माझी हयात गेली, त्यामुळे डोळा नको तिथे अडकतो. दोन राज्यांमधला तो ‘आंतरराज्य’. इथे रंगाऱ्याने काना खाल्लेला. मी उगाच विद्वत्ता पाजळत काकींना म्हटलं, “हे चुकलंय. अंतर म्हणजे लांबी.”

“मगे बरोबरच लिवल्यानी,” त्या तव्यावरून नजर न काढता म्हणाल्या. मग हातातला उलथना जलाशयाकडे केला. “थंय ती सुकी झाडा दिसतत मा, तेच्या पलीकडे आमचा घर होता.”

पाण्यातून काळे, बिनपानांचे शेंडे वर आले होते. घावणा घशाखाली उतरेना.

या प्रकल्पाचा करार 1990चा. खर्चाची वाटणी दशांशापर्यंत ठरलेली आहे: गोवा 73.30 टक्के, महाराष्ट्र 26.70. पाण्याचा मोठा वाटाही अर्थातच गोव्याचा. पाट्ये, शिरंगे, केंद्रे ही बुडालेली गावं मात्र सगळी महाराष्ट्रातली. बुडण्याची वाटणी कोण करणार? कागदावर वाचताना ‘आंतरराज्य’ हा शब्द मला नेहमी भारदस्त वाटायचा. दोन सरकारं एका टेबलाशी बसली की असे शब्द जन्माला येतात.

काकींनी न विचारता दुसरा घावणा वाढला, वर ओल्या खोबऱ्याची चटणी. त्याचे पैसे काही केल्या घेईनात.

“उतरल्यात खंय?”

“म्हापशाला.”

“थंय नळाक येता ता आमचाच पाणी. गोड आसा मा?”

चार दिवस मी बाटलीचं पाणी पीत होतो.

“गोड आहे,” म्हटलं.