ऑफिसचा इंग्रजी सारांश शिकवताना आधी मराठीत विचारा

शाळेत सारांशलेखन म्हणजे उतारा एक तृतीयांश करायचा, क्रम तोच ठेवायचा, वर शीर्षक द्यायचं. नोकरीसाठी इंग्रजी शिकणारे मराठी माध्यमाचे विद्यार्थी ऑफिसचा सारांशही तसाच लिहितात. सगळे मुद्दे येतात, पण साहेबांकडून काय हवंय ते शेवटच्या ओळीत सापडतं. वाचणाऱ्याला तर निर्णय घ्यायचा असतो.

म्हणून ४०० शब्दांचा अहवाल दिल्यावर लगेच इंग्रजी लिहायला लावू नका. आधी मराठीत विचारा: हे वाचून कोणी, काय, कधीपर्यंत करायचं? उत्तर मराठीतच, एका वाक्यात. ते येत नसेल तर अहवालच समजलेला नाही, व्याकरण सुधारण्यात तास घालवू नका. आलं, तर तेच इंग्रजीत पहिलं वाक्य. मग कारण, रक्कम, आणि निर्णय लांबला तर काय बिघडेल.

‘विथ रेफरन्स टु द अबव्ह सब्जेक्ट, वी वुड लाइक टु इन्फॉर्म यू दॅट’ हे १३ शब्द झाले, आणि माहिती शून्य. त्याऐवजी: ‘प्लीज अप्रूव्ह रुपीज १.८ लाख बाय फ्रायडे टु बाय कार्टन्स फ्रॉम अ सेकंड सप्लायर. अवर रेग्युलर सप्लायर इज सिक्स डेज लेट, अँड अवर स्टॉक विल रन आउट ऑन मंडे.’ एवढ्यात सगळं आलं. भरताड शब्दांचा त्रास फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. ९ ऑगस्ट १९४० रोजी, युद्ध चालू असताना, चर्चिल यांनी थोडक्यात लिहिण्याविषयी एक टिपण काढलं होतं. ते पानभराचंच आहे, वर्गात जरूर वाचा.

खरी घसरण मात्र छोट्या शब्दांवर होते. मराठीत ‘शुक्रवारपर्यंत पाठवा’ आणि ‘शुक्रवारपर्यंत काम चालेल’, दोन्हीकडे ‘पर्यंत’च. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय’, दुसऱ्याला ‘टिल’. विद्यार्थी ‘सेंड इट टिल फ्रायडे’ लिहितो आणि मुदतच धूसर होते. १० टक्क्यांनी वाढलं तर ‘बाय’, १० टक्क्यांवर गेलं तर ‘टु’. इथे चूक झाली तर आकडाच खोटा ठरतो. वाचणारा परदेशात असेल तर साडेबारा लाखांचे १.२५ मिलियन करायला लावा.

शब्द कमी करताना आणखी एक गोष्ट हमखास होते: ‘मे’ आणि ‘नॉट’ गळतात. ‘मे बी डिलेड’चं ‘इज डिलेड’ झालं की शक्यतेची बातमी होते. म्हणून कापणी टप्प्याटप्प्याने: १२० शब्द, मग ८०, मग ५०. पहिल्या फेरीत पुनरुक्ती आणि पार्श्वभूमी काढा. दुसरीत ‘टुक अ डिसिजन’चं ‘डिसायडेड’ करा. क्रियापदं आणि ‘अ’, ‘द’ मात्र ठेवा, नाहीतर तार पाठवल्यासारखं इंग्रजी होतं.

तपासताना लाल पेन आधी व्याकरणावर चालवू नका. विद्यार्थी घाबरून सोपी, सुरक्षित वाक्यं लिहू लागतो आणि अवघड आकडा गाळून टाकतो. अहवाल न वाचलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याला सारांश द्या आणि मराठीत तोच प्रश्न विचारा. उत्तर चुकलं, तर लिहिणाऱ्याने ते कुठल्या वाक्यामुळे चुकलं हे शोधायचं आणि तेवढंच वाक्य पुन्हा लिहायचं.