हिडकलचं पाणी सिंगापूरला किती दिवस पुरेल?

गावी फोन लावला की तब्येत, पाऊस, कुणाचं लग्न ठरलं एवढं झालं की कोणतरी हमखास विचारतंच, काय रे, तुमच्या सिंगापूरला संडासाचं पाणी पाजतात म्हणे? बेळगावात वडगावला राहणाऱ्या आमच्या काकूंना तर हे पटतच नाही, त्या म्हणतात तू आपलं उकळून पी. तर आज एकदाच सगळं लिहून टाकतो.

हो, पाजतात. म्हणजे थेट नाही. सांडपाणी गोळा करून आधी नेहमीच्या पद्धतीनं शुद्ध करतात, मग बारीक फिल्टर, मग आरओ, जो आपल्या किचनमधल्या प्युरिफायरमध्ये असतो तोच प्रकार फक्त अवाढव्य, आणि शेवटी यूव्ही. त्याला न्यूवॉटर म्हणतात, २००३ पासून सुरू आहे. त्याच्या आदल्या वर्षी नॅशनल डेच्या परेडला साठ हजार लोकांनी त्याच्या बाटल्या उंचावून चिअर्स केलं होतं, लोकांच्या मनातली किळस घालवायची तर असं काहीतरी करावंच लागतं. यातलं बहुतेक पाणी चिप बनवणाऱ्या फॅक्टऱ्यांना आणि बाकी इंडस्ट्रीला जातं, कोरड्या दिवसांत थोडं तलावात सोडतात आणि तिथून परत शुद्ध होऊन ते आमच्या नळाला येतं. चव काहीच नाही. अर्थात बेळगावच्या राकसकोप तलावाचं पाणी पिऊन वाढलेल्या माणसाला दुसरं कुठलं पाणी आवडणं अवघडच.

आता तुम्ही म्हणाल एवढा खटाटोप कशाला, तिथं पाऊस नाही काय? आहे की! वर्षाला २४०० मिलीमीटरच्या आसपास, म्हणजे बेळगाव शहराच्या जवळजवळ दुप्पट. (धो-धो पावसातल्या कणकुंबीवाल्यांनो, हसू नका.) पण अख्खा देश आपल्या खानापूर तालुक्याच्या निम्म्यासुद्धा नाही, मोठी नदी नाही, बोअर मारून उपसावं एवढं जमिनीत पाणी नाही, मग पडलेलं साठवायचं कुठं? म्हणून देशाच्या दोन तृतीयांश जमिनीवर पडणारा पाऊस गटारा-नाल्यांतून १७ तलावांत नेतात. २००८ मध्ये तर भर शहरात खाडीच्या तोंडाला बॅरेज घालून समुद्राचं पाणी अडवलं आणि आत गोड्या पाण्याचा तलाव केला. त्यात समुद्राचं पाणी गोडं करण्याचे प्लांट वेगळेच, आणि तरीही बरंच पाणी शेजाऱ्याकडून येतं.

शेजारी म्हणजे मलेशियाचं जोहोर. सुट्टीच्या दिवशी आम्ही पेट्रोल नाहीतर किराणा स्वस्तात मिळतो म्हणून तिकडं जातो तेव्हा कॉजवेवर, म्हणजे दोन देशांना जोडणाऱ्या समुद्रातल्या रस्त्यावर, ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर बाजूला हे जाडजूड पाईप दिसतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आपली महाराष्ट्र-कर्नाटक बॉर्डरच आठवली. १९६२ चा करार आहे, रोज २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी घ्यायचं, २०६१ पर्यंत, आणि भाव हजार गॅलनला मलेशियाचे ३ सेन, आपला एक रुपयासुद्धा होत नाही. यातलं थोडं पाणी शुद्ध करून सिंगापूर त्याच जोहोरला ५० सेननं परत विकतं! मलेशियातले पुढारी अधूनमधून यावरून आवाज चढवतात, हा भाव परवडत नाही म्हणतात, सिंगापूर म्हणतं शुद्ध करायचा खर्च आम्हालाच ५० सेनहून जास्त येतो. भांडण आहेच, पण व्हॉल्व्ह कुणी बंद करत नाही.

मी सहज हिशोब केला, हे रोजचे २५ कोटी गॅलन म्हणजे वर्षाचे किती टीएमसी (अब्ज घनफूट)? साधारण साडेचौदा. आणि म्हादई नदीच्या वाटपात कर्नाटकाला २०१८ ला लवादानं दिलं किती, तर १३.४२. म्हणजे जवळपास तेवढ्याच पाण्यासाठी आपल्याकडं कळसा-भांडुरा प्रकल्प, गोव्याशी भांडण, सुप्रीम कोर्ट, मोर्चे, बंद, सगळं अजून चालूच आहे. कृष्णेचं तर विचारूच नका, उन्हाळ्यात अथणी-चिकोडीला पात्र कोरडं पडलं की इकडून महाराष्ट्राला पत्र जातं कोयनेचं पाणी सोडा म्हणून, आणि पावसाळ्यात तिकडून ओरड की तुमच्या आलमट्टी धरणामुळं सांगली बुडते.

मग डोक्यात किडा वळवळायला लागला म्हणून पुढचा हिशोब केला. आमचं घटप्रभेवरचं हिडकल धरण भरलं की ५१ टीएमसी. सिंगापूर सगळं मिळून, घरं, हॉटेलं, फॅक्टऱ्या, रोज ४४ कोटी गॅलनच्या आसपास वापरतं, वर्षाचे २६ टीएमसी धरा. म्हणजे आपलं एकटं हिडकल एकदा भरलं की साठ लाखांच्या या देशाला जवळपास दोन वर्षं पुरेल! आणि त्याच हिडकलचं पाणी ज्या बेळगावला येतं तिथं आमच्या घरी जमिनीखाली एक टाकी, वर एक टाकी, मोरीत बॅरल, आणि नळ कधी येणार ते कुणालाच नक्की माहीत नाही. काही वॉर्डात २००८ पासून चोवीस तास पाणी आहे, म्हणजे होऊ शकतं हे बेळगावानंच दाखवलंय.

इथं मात्र नळ सोडताना बिल डोळ्यांसमोर येतं. हजार लिटरला आपले दोनशे रुपयांच्या वर, त्यातच पाणी वाचवा म्हणून पाण्याच्या मूळ दराच्या निम्मा टॅक्स धरलेला, आणि बिलावर ग्राफ, की तुमच्याएवढे फ्लॅट सरासरी किती वापरतात. बायको तो ग्राफ बघूनच वॉशिंग मशीन लावते.

हे सगळं मी उत्साहात आतेभावाला सांगितलं, त्याचा कृष्णाकाठाला चार एकर ऊस आहे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कालव्याची पाणीपट्टी एकरावर, मोटारीची लाईट फुकट, साखर फॅक्टरी पैसे देणार टनावर. मग पाणी कुणी मोजायचं, सांग की. आणि तुझं सिंगापूर भात कुठं पिकवतंय?"

आता यावर काय बोलणार. इथला तांदूळ थायलंड, व्हिएतनाम आणि आपल्या भारतातून येतो, त्याला लागलेलं पाणी त्या त्या देशाच्या खात्यात पडतं आणि सिंगापूर काटकसरी दिसतं. जगात माणूस जेवढं गोडं पाणी उपसतो त्यातलं ७० टक्के शेतीला जातं, भारतात तर ९० च्या आसपास. उसाच्या एक किलो साखरेमागं जागतिक सरासरीनं सतराशे-अठराशे लिटर पाणी, पावसाचं धरून. म्हणून दात घासताना नळ बंद करा वगैरे ठीक आहे, करावंच, पण आपल्या भागात खरं मीटर बसायला पाहिजे ते मोटारीला. हे बोललो की निवडणुकीत कोण पडणार हेही मला कळतं.

भावाचं ठिबकचं तेवढं अर्धंमुर्धं ठरलंय. सबसिडीचा फॉर्म मी ऑनलाईन भरून देतो म्हटलंय, पण जमिनीच्या उताऱ्याचा फोटो पाठव म्हटल्यापासून त्यानं फोन उचललेला नाही.