तुम्ही विचारलंत म्हणून: पलटण म्हणजे नेमकी किती माणसं?

पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, कृषी केंद्रात खतासाठी उभा असलो तरी हा प्रश्न येतोच. पहाटे दारव्हा रोडवर भरतीसाठी धावणारी पोरं तर हमखास थांबवतात. "मेजर, पलटन म्हंजे तीस-पस्तीसच लोक न जी? मोबाइलवर तसंच दाखवते." (मेजर मी कधीच नव्हतो, हवालदार म्हणून घरी आलो. पण आमच्याकडे फौजेतून परतलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, त्याला इलाज नाही.)

मोबाइल दाखवतो ती प्लाटून. पायदळातला जवान 'माझी पलटण' म्हणतो तेव्हा तो बटालियनबद्दल बोलत असतो, म्हणजे साधारण 800 माणसांबद्दल. 10 जणांचं सेक्शन, अशी तीन सेक्शनं मिळून प्लाटून, तीन प्लाटूनची कंपनी. कंपनीत सव्वाशेच्या आसपास माणसं, आणि तिच्यावर खराखुरा मेजर. अशा चार रायफल कंपन्या, शिवाय मॉर्टारसारखी जड हत्यारं सांभाळणारी सपोर्ट कंपनी आणि लंगर, गाड्या, वायरलेस, हिशोब बघणारी हेडक्वार्टर कंपनी. हे सगळं मिळून पलटण. तिचे सीओ साहेब, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, कर्नल असतात, आणि जवानांमधून चढत गेलेला सगळ्यात वरचा माणूस म्हणजे सुभेदार मेजर. साहेब दोन-तीन वर्षांनी बदलतात, म्हणून पलटणीच्या जुन्या गोष्टी सुभेदार मेजरलाच विचारायच्या असतात.

खरा गोंधळ रेजिमेंटचा. मी महार रेजिमेंटचा. तिची पहिली पलटण 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला उभी राहिली, आणि सेंटर, म्हणजे तिचं प्रशिक्षण केंद्र, आता मध्य प्रदेशात सागरला आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, ही सगळी रेजिमेंट एकत्र राहते आणि एकत्र लढते. तसं पायदळात होत नाही. रेजिमेंट म्हणजे आडनाव, आणि पलटण म्हणजे चूल. एका आडनावाच्या दहा-पंधरा चुली देशभर पसरलेल्या. एक पलटण काश्मिरात, दुसरी अरुणाचलात, तिसरी पंजाबात कुठेतरी. लढाईला जाताना ज्या ब्रिगेडखाली जायचं तिच्यात बहुधा तीन पलटणी, आणि त्या तिन्ही वेगवेगळ्या रेजिमेंटच्या असू शकतात. आमच्या शेजारच्या मोर्चावर शीख किंवा गोरखा असायचे, महारची दुसरी पलटण वर्षानुवर्षं दिसायची नाही.

म्हणूनच नुसतं 'महार' सांगून भागत नाही, नंबर लागतो. मेजर रामास्वामी परमेश्वरन श्रीलंकेत 1987 साली लढताना गेले, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्यांच्या नावापुढे 8 महार असं लिहितात. तो 8 आकडा गाळला, तर त्या पलटणीतले जुने लोक रागावतील, आणि रागावलंच पाहिजे.

त्यात तोफखाना आणि रणगाड्यांची तऱ्हा निराळी. तिथे रेजिमेंट हीच पलटणीच्या तोडीची युनिट. तोफखान्यातली रेजिमेंट बॅटऱ्यांमध्ये वाटलेली असते, रणगाड्यांची स्क्वॉड्रनमध्ये. आमच्या गावचा एक दोस्त तोफखान्यातला. तो 'आमची रेजिमेंट' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे एकाच मैदानात उभी असलेली माणसं आणि तोफा असतात. माझ्या डोळ्यांपुढे अर्धा देश असतो. लग्नाच्या मांडवात आम्ही दोघं बोलायला लागलो की पाहुण्यांना भांडण लागल्यासारखं वाटतं.

कामठीचं तर विचारूच नका. तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं सेंटर आहे. नाव ब्रिगेड, पण ती 1949 साली उभी केलेली रेजिमेंट आहे आणि आज तिच्या बहुतेक पलटणी चिलखती गाड्यांतून लढतात. नागपूरला गेलेला पोरगा पाटी वाचून येतो आणि मला ब्रिगेडचा अर्थ शिकवतो.

आकडे सांगून झाले तरी फौजी माणूस पलटण-पलटण का करतो, ते कळत नाही. कारण असं की अधिकारी बदलीवर बाहेर जातो, जवानाची बहुतेक नोकरी एकाच पलटणीत जाते. बदली होते ती पलटणीचीच. हुकूम आला की लंगरची भांडी, मंदिरातल्या मूर्ती, ट्रॉफ्या, वीरांचे फोटो, सगळं गाडीत चढतं आणि 800 माणसं हिमालयातून राजस्थानात उतरतात. शेजारच्या खाटेवर माणूस तोच, रोल कॉल घेणारा आवाजही तोच.

माझ्या आईला पलटण कळली ती पत्त्यामुळे. तिला लिहिता येत नव्हतं, शाळेतले गुरुजी पोस्टकार्ड लिहून द्यायचे. नंबर, हुद्दा, नाव, कंपनी, पलटण, मार्फत 56 एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय. गावाचं नाव नाही, जिल्हा नाही. मी सियाचीनच्या पायथ्याशी असो की पठाणकोटला, पत्ता तोच. पलटण कुठे आहे हे फौजेच्या टपालवाल्यांना ठाऊक, बाहेरच्याला कळू द्यायचं नाही. आईचा त्यावर विश्वास बसेना. "गावच नाही तं चिठ्ठी जाईन कशी?" ती दरवेळी विचारायची, आणि चिठ्ठी दरवेळी पोचायची, कधीकधी महिन्यानं.

वर्तमानपत्रवाले मात्र सगळ्याला 'तुकडी' म्हणतात. पुरात बोटी घेऊन आलेले 60 जण तुकडी, सीमेवर गेलेले हजारही तुकडीच. मराठीत चांगला रुजलेला शब्द असताना हा आळस मला पटत नाही. चार पोरं असलेल्या घरालासुद्धा आपण 'काय पलटण आहे' म्हणतो, मग खऱ्या पलटणीला म्हणायला काय हरकत आहे?

पलटण आणि रेजिमेंटमधला फरक कामाला येतो तो कागदांच्या वेळी. माजी सैनिकाची बायको डिस्चार्ज बुक घेऊन माझ्याकडे येते. नावात चूक असते, जन्मतारीख जुळत नाही, 'स्पर्श' या पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर पेन्शन अडकलेली असते. बहुतेकींनी पलटणीला अर्ज पाठवलेला असतो. पलटण आत्ता कुठे असेल देव जाणे, आणि निवृत्त माणसाचं दफ्तर तिच्याकडे नसतंच. ते रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतं. महारचं सागरला, मराठाचं बेळगावला, गार्ड्सचं कामठीला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला. अर्ज तिकडे करा, स्पीड पोस्टानं, आणि सर्व्हिस नंबर पहिल्या ओळीत लिहा.