तिसरीला एआय शिकवायचं ते कुठल्या वेळात?

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये बातमी आली की २०२६-२७ च्या वर्षापासून शाळांमध्ये तिसरीपासूनच एआय आणि कॉम्प्युटेशनल थिंकिंग (म्हणजे प्रश्न पायरीपायरीने सोडवायची पद्धत) शिकवणार, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने तसं जाहीरच केलं. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे वाचल्या वाचल्या मला भारी वाटलं आणि लगेच ती लिंक ताईला पाठवली. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, कराड तालुक्यात झेडपीच्या शाळेत शिकवते, एकोणीस वर्षं झाली नोकरीला. लिंक दुपारी पाठवली होती, तिचा रिप्लाय आला रात्री साडेदहाला, तीनच शब्द. "कुठल्या वेळात रे?"

मला वाटलं दमली असेल, म्हणून मी काय जास्त बोललो नाही. भाऊबीजेला गेलो तेव्हा ओवाळणी झाली, जेवणं झाली, आणि बघतो तर ताई लॅपटॉप घेऊन बसलेली, दिवाळीच्या सुट्टीत. मी विचारलं काय करतेस, तर म्हणाली आधार व्हॅलिडेशन. पाच पोरांची नावं शाळेच्या रजिस्टरमध्ये एक आणि आधार कार्डावर दुसरीच, एकाच्या आडनावात एक अक्षर जास्त, एकीची जन्मतारीख चुकलेली. ती जुळली नाहीत तर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, ती पोरं धरायची नाहीत, म्हणजे पोरगं रोज समोर बसतंय, खिचडी खातंय, पाढे म्हणतंय, पण कागदावर नाही. आणि पट कमी दिसला की शिक्षकाचं पद जातं. मग काय, ताई स्वतः त्या पोरांच्या आईबापांना घेऊन आधार केंद्रावर जाते, त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडते, हिचा त्या दिवसाचा वर्ग बुडतो.

त्या रात्री मी पहिल्यांदा नीट बसून तिला विचारलं की तुझा दिवस जातो कसा. शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी, पट ३४. पहिली-दुसरी दुसऱ्या सरांकडे, तिसरी-चौथी ताईकडे आणि प्रभारी मुख्याध्यापकही तीच. परिपाठ झाला की पोषण आहाराचं, तांदूळ किती काढला, जेवणार किती, ते ॲपवर भरायचं. मग केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज, अमुक माहिती आजच्या आज पाठवा. कधी एक्सेलमध्ये, कधी गुगल फॉर्मवर, कधी सहीशिक्क्याची पीडीएफ. पोर्टलंही वेगवेगळी, शाळेच्या माहितीचं यूडायस वेगळं, सरल वेगळं, पगाराचं शालार्थ वेगळं. कुठला तरी दिवस साजरा केला की त्याचे फोटो अपलोड करायचे, झाड लावलं की झाडाबरोबर फोटो, शपथ घेतली की शपथेचा फोटो. सर्व्हर दिवसा चालत नाही म्हणून मग रात्री अकरानंतर. त्यात निवडणुकीची कामं, मतदार याद्या, सर्वेक्षणं.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमात स्पष्ट लिहिलंय की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसऱ्या अशैक्षणिक कामाला लावायचं नाही. पण ऑनलाइन माहिती भरणं हे शाळेचंच काम धरतात, त्यामुळे कायदा तिथे पोचतच नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी शिक्षकांनी "आम्हाला शिकवू द्या" म्हणून मोर्चे काढले होते आठवतंय? तेव्हा माझ्याच ऑफिसमधले लोक म्हणत होते की यांना काम नको असतं, सुट्ट्या किती, पगार किती. मी तेव्हा गप्प बसलो होतो, त्याचं मला आज खरंच वाईट वाटतं. शिक्षक रस्त्यावर येऊन शिकवायला वेळ द्या म्हणून मागतोय, यापेक्षा साधी मागणी काय असू शकते.

माझ्या धंद्याच्या बाजूने सांगतो. एकच माहिती माणसाकडून पाच ठिकाणी पाच वेळा भरून घेणं ही सिस्टिम बनवणाऱ्याची चूक आहे, शिक्षकाचा आळस नाही. पोराचं नाव, जन्मतारीख, जात, आधार, बँक खातं हे एकदा एका ठिकाणी भरलं की बाकीच्यांनी तिथून उचलायचं, नेट नसेल तर ॲपने ती माहिती साठवून ठेवायची आणि रेंज आली की आपोआप पाठवायची, याला एआय लागत नाही, हे तंत्रज्ञान जुनं आहे, स्वस्त आहे, बँका रोज वापरतात. पण याची बातमी होत नाही ना. मार्च २०२४ मध्ये केंद्राने इंडिया एआय मिशनला १० हजार ३०० कोटींच्या वर रुपये मंजूर केले, त्याचा मला एक इंजिनिअर म्हणून आनंद आहे, आपल्याकडे जीपीयू, म्हणजे एआयला लागणाऱ्या चिप, हवेत, आपल्या भाषांमधली मॉडेल्स हवीत, यात मला काडीचीही शंका नाही. पण आपल्या झेडपी शाळांमध्ये आतापर्यंत जे तंत्रज्ञान आलं ते बहुतेक मोजायला आलं, शिकवायला नाही, आणि तिसरीचं एआयसुद्धा तसंच आलं तर ताईच्या ग्रुपवर अजून एक मेसेज येईल, एआय दिनाचे फोटो आजच्या आज अपलोड करा.

आता कोण म्हणेल की तू तंत्रज्ञानाच्या विरोधात बोलतोयस. अजिबात नाही. ताई स्वतः चॅटजीपीटी वापरते, तिसरीच्या पोरांसाठी छोटे छोटे वाचनपाठ करून घेते, ज्यात त्यांच्याच ओळखीचं असतं, ऊस, विहीर, कराडचा बाजार, कृष्णा-कोयनेचा संगम, मग भाषा स्वतः दुरुस्त करून कराडला प्रिंट काढते, स्वतःच्या पैशाने. हे मला फार आवडतं. वापर कसा करायचा हे तिला कळतं, कारण आपल्या वर्गात कोण कुठे अडलंय हे तिला माहितीये. चौथीतला एक जण जोडाक्षराला अडखळतो, एकीला वाचता येतं पण अर्थ लागत नाही. हे कुठल्या ॲपने तिला सांगितलेलं नाही, शेजारी बसून कळलंय.

प्रथम या संस्थेचा असर अहवाल बघा, शाळकरी पोरांच्या वाचन-गणिताच्या सर्वेक्षणाचा, २०२४ चा, ग्रामीण भारताचा. तिसरीतल्या पोरांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येणारी २७ टक्के. म्हणजे चारातली जवळपास तीन पोरं तो उतारा वाचू शकत नाहीत आणि त्यांना आपण एआय शिकवणार. पण त्याच अहवालात चांगलंही आहे आणि त्याची बातमी कोणी नीट केली नाही. सरकारी शाळांत हाच आकडा २०२२ ला १६ टक्के होता, दोन वर्षांत २३ च्या वर गेला. मधल्या काळात केंद्राच्या निपुण भारत योजनेतून पायाभूत वाचन आणि गणितावर जोर दिला होता, शिक्षकांना तेच काम सांगितलं होतं. शिक्षकाला एक काम नीट करू दिलं की पोरं वाचायला लागतात, मला तरी त्यातून हेच दिसतं. आणि १४ ते १६ वयाच्या पोरांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यातल्या ७६ टक्क्यांनी सर्वेक्षणाच्या आधीच्या आठवड्यात सोशल मीडिया बघितला, अभ्यासासाठी वापरला ५७ टक्क्यांनी. मोबाइल वापरायला आपण कोणाला शाळेत शिकवलं नव्हतं, तो पोरांना आपोआप आला. वाचन आपोआप येत नाही. स्वीडनसारख्या देशाने २०२३ पासून छापील पुस्तकांसाठी परत पैसे द्यायला सुरुवात केली, त्यांच्याकडे तर वर्गावर्गात स्क्रीन होत्या.

राजकारणाचंही बोलतो, कारण त्याशिवाय हे पूर्ण होत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा सक्तीची करायचा जीआर निघाला, जूनमध्ये त्यात बदल केला, २९ जूनला दोन्ही जीआर मागे घेतले, या विषयावर नरेंद्र जाधवांची समिती नेमली, ५ जुलैला वरळीत दोन्ही ठाकरे एका मंचावर आले. मी पण तेव्हा विरोधातच होतो आणि आजही आहे, सहा वर्षांच्या पोरावर तीन भाषा लादू नयेत असंच माझं मत आहे. पण त्या सगळ्या दिवसांत टीव्हीवर इतक्या चर्चा झाल्या, त्यात द्विशिक्षकी शाळेत तिसरी भाषा शिकवणार कोण, कुठल्या तासाला, हे विचारणारा माणूस मला फार क्वचित दिसला. आणि जीआर मागे गेल्यावर गुलाल उधळून झाला की सगळे घरी गेले. मराठीवर प्रेम आहे ना, मग मराठी माध्यमाची झेडपीची शाळा ओस पडतीये तिथे कोण जाणार? तिथे मोर्चा का नाही? सत्तेतल्यांनाही विचारतो आणि विरोधातल्यांनाही.

२०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विषय आला, पुणे जिल्ह्यातल्या पानशेतच्या अशा शाळेचा दाखला दिला गेला. वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे १५ हजार शाळा, पोरं पावणेदोन लाखांच्या वर. ताईची आधीची शाळा पाटणच्या डोंगरात होती, पट ११. तिथली पोरं खाली मोठ्या शाळेत नेली तर सुविधा चांगल्या मिळतील हे मला मान्य आहे, लॅब असेल, मैदान असेल, सोबतीला पोरं असतील. पण पावसाळ्यात गाडी येत नाही त्या दिवशी काय? आणि पोरगी सहावीला गेली की आई म्हणते राहू दे घरी. एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा हा नियम कोणीतरी विचार करूनच केलाय, सात वर्षांचं पोरगं तेवढंच चालतं.

आमच्या सातारा-कोल्हापूरकडे तरी हे विसरायला नको होतं. महात्मा फुल्यांनी १८८२ ला इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात हेच होतं की शेतसारा रयत भरते आणि तिच्या पोरांच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च होत नाही, सरकार पैसा घालतं ते वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. शाहू महाराजांनी १९१७ ला कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, ते काले आमच्या ताईच्या शाळेपासून लांब नाही. वसतिगृहाचा खर्च भागेना तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. माझे आजोबा रयतच्या बोर्डिंगात शिकले, सकाळी शेतात काम आणि मग वर्ग, ते शिकले म्हणून माझी आई शिकली आणि म्हणून ताई आणि मी. आमच्या घरात शिक्षणाची किंमत ही अशी कळलेली आहे, पॅकेजच्या आकड्यावरून नाही. कोठारी आयोगाने १९६६ ला सांगितलं होतं की राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा, २०२० च्या धोरणात परत तोच आकडा लिहिला, मधल्या इतक्या वर्षांत कुठल्याच पक्षाच्या सरकारने तो गाठला नाही.

असो. भाऊबीजेवरून आलो आणि दोन शनिवार-रविवार बसून मी ताईसाठी एक शीट बनवली. एकदा पोरांची माहिती भरली की तिला लागतात त्या सगळ्या फॉरमॅटमध्ये ती निघते, एक्सेल, पीडीएफ, पोषण आहाराची महिन्याची बेरीज. पोर्टलवर भरायचं काम आहे तसंच आहे, ते माझ्या हातात नाही, पण ग्रुपवर पाठवायचं बरंचसं त्यातून होतं. आता केंद्रातल्या अजून चार शाळा तीच वापरतात. ताई म्हणते आठवड्याचे तीन-साडेतीन तास वाचतात.

त्या तासांचं ती काय करते ते सांगतो. दिवाळीनंतर गावाच्या कडेला ऊसतोडीच्या टोळ्या येऊन राहतात, बीडकडच्या, कोप्या म्हणजे झोपड्या घालून. त्यांची पोरं मूळ शाळेच्या पटावर, इथे कागदावर नाहीत, कोणी शिक्षण हमी कार्ड, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेलं कार्ड, घेऊन येतं, कोणी तेही नाही. ताईच्या वर्गात या हंगामात अशी सहा पोरं बसतात. त्यांना ती रोज शाळा सुटल्यावर अर्धा-पाऊण तास वेगळं घेऊन बसते. त्यात एक पोरगी आहे, वयाने तिसरीची, नोव्हेंबरमध्ये आली तेव्हा अक्षरं ओळखायची पण शब्द जुळत नव्हता, आकडे शंभरापर्यंत.

परवा ताईचा व्हॉइस मेसेज आला. पोरीचा बाप गाडीवान आहे, बैलगाडीने ऊस कारखान्यावर टाकतो. काट्यावर वजनाची पावती मिळते, ती त्याला वाचता येत नाही, मुकादम सांगेल तो आकडा धरायचा. त्या दिवशी पोरीने बापाच्या खिशातली पावती काढून वाचली, तारीख वाचली, गाडी नंबर वाचला, टनाचा आकडा वाचला, दशांश चिन्हाला अडली म्हणून पावती घेऊन दुसऱ्या दिवशी शाळेत आली, "बाई, हा ठिपका कशाचा?" तिसरीच्या पुस्तकात दशांश नाही. ताईने परिपाठानंतरचा सगळा वेळ त्या ठिपक्यावर घातला, फळ्यावर टन, क्विंटल, किलो काढून, तिसरी-चौथी दोन्ही वर्गांना. केंद्राची माहिती त्या दिवशी उशिरा गेली. बापाने हंगामाच्या सगळ्या पावत्या आता पोरीच्या दप्तरात ठेवायला दिल्यात.